तुडूम

रात्रीचा दीड. लाइन दोनदा लपकून परत आली.
राउटर इन्व्हर्टरवर, मी मच्छरदाणीत,
मांडीवर लॅपटॉप आणि त्याच्याखाली पाट, कारण तो तापतो.

कंपनीचं सामायिक भांडार ढगात आहे म्हणतात.
मी ते पाहिलेलं नाही.
दारं तेवढी माझ्याकडे आहेत:
तीन विभागांत तीन, प्रत्येकाला एक पत्ता, एक पहारा,
कुणाला आत घ्यायचं त्याची यादी.
आतला माल एकच. या दाराने ठेवलेली फाइल
त्या दाराने दिसते.

आज दुसरं दार काढायचं आहे.
तिकिटात लिहिलंय, पाच मिनिटांचं काम.
एक बटण आहे, आणि ते दाबलं की लाल अक्षरांत विचारतात,
नक्की ना?

माझे मोठेबाबा, फागोजी हातझाडे,
एकेचाळीस वर्षं चिचटोल्याच्या तलावाचे पाणकर होते.
पाळीत चार तुडूम, पाणी एकच.
खुंटा काढला की पाट वाहायचा, ठोकला की थांबायचा;
पण ठोकायच्या आधी ते पाटाच्या शेवटापर्यंत
चालत जायचे, खांद्यावर फावडं,
धानाच्या बांध्यांमधून, कधी कंदील, कधी नुसतं चांदणं.
"पारीवरून दिसत नाही गा, शेवटच्या बांधीत कोन हाय ते."
फोन करून विचारा की, असं कुणी म्हटलं तर म्हणत,
"ज्याची बांधी शेवटी, त्याच्याकडं फोनबी शेवटीच येते."

मी बटण दाबत नाही. जोडण्या मोजते.
शून्य हवं होतं.
एक आहे.

एक यंत्र, नावाच्या जागी नुसते आकडे.
निलोफर हैदराबादेत जागी होती. माझं नाही, म्हणाली.
यादीत ज्याचं नाव, त्याने नोकरी सोडून
चार वर्षं झाली.
मग चालत गेले, म्हणजे बोटांनीच, नोंदीमागे नोंद,
आणि शेवटी एक फाइल सापडली,
तिच्यात दर अर्ध्या तासाला एक ओळ:
४.१ अंश. ठीक.
३.९ अंश. ठीक.
सहा वर्षांची.

कुठलासा फ्रीज. लस असेल, रक्त असेल,
बियाणं असेल, कुणाचे डबे असतील.
ओळ वाचणारं कुणी आहे का, हेही दिसत नाही.

मी दार काढलं असतं तर ते ओरडलं नसतं.
अशी यंत्रं तक्रार करत नाहीत.
पुढची ओळ हातात धरून उभी राहतात,
दार परत येईल म्हणून,
आणि इकडे माझ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे.

तिसऱ्या दाराचा पत्ता दिला त्याला.
पहाऱ्याच्या यादीत आकडे घातले. एक आकडा चुकला,
पुन्हा घातले. जुना धागा सोडवला.
दोन दहाची वाट पाहत बसले.

पलीकडच्या खाटेवरून खोकला.
"निजली नाही का वं पोरी?"
एक तुडूम बुजवायचं होतं, मोठेबाबा.
"शेवटी पाहून आली?"
आले.
"कोन होतं?"
माहीत नाही.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपले.
"मंग तुयं नाव टाक. ज्यानं पायलं त्याचं."

दोन वाजून दहा मिनिटं, सात सेकंद.
४.० अंश. ठीक.
तिसऱ्या दाराने आली.
जोडण्या मोजल्या: शून्य.
नक्की ना? नक्की.

मग तो चौकोन भरायचा राहिला, यंत्राचा मालक,
जो रिकामा ठेवता येत नाही.
ठेवता आला असता तर ठेवला असता, खरं सांगते.
तिथे माझं नाव आहे आता.
कुठल्याशा शहरात, कुठल्याशा भिंतीला टेकून
माझ्या नावावर एक फ्रीज चालू आहे.
उद्या विचारतील, पाच मिनिटांना सव्वा तास कसा.

मोठेबाबा घोरताहेत. लाइन पुन्हा लपकली.
मी दोन चाळीसची ओळ बघून निजते.